रेकॉर्डिंग सुरू झालं, पण उशिरा: बॉडी कॅमेऱ्याच्या सक्तीचं एक प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या पोलीस विभागातलं आहे. संबंधितांची ओळख कळू नये म्हणून ठिकाण, हुद्दे आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. त्या विभागात कॅमेऱ्यांची नियमावली लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मी या प्रकरणात तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

पार्श्वभूमी

कॅमेरे घेण्याआधी आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा साचा ठरलेला असे. नागरिक म्हणे, मला मारलं. कर्मचारी म्हणे, हात लावला नाही. साक्षीदार नसे, असला तर दोघांपैकी कुणाच्या तरी बाजूचा असे. चौकशी अधिकारी दोन्ही जबाब जोडून "पुराव्याअभावी निकाली" असा शेरा मारत असे. तक्रारदाराचा विश्वास उडायचा आणि निर्दोष कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकालाही एक डाग चिकटून राहायचा. शेवटी गस्त, वाहन तपासणी आणि कॉलवर जाणाऱ्या प्रत्येकाने ड्यूटीवर कॅमेरा लावलाच पाहिजे, असा निर्णय वरून झाला.

तयारी करताना आम्ही बाहेरचे प्रयोग वाचले. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो शहराचा 2012 ते 2013 मधला प्रयोग सगळ्यांच्या तोंडी होता. तिथे 988 पाळ्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या होत्या. कॅमेरा नसलेल्या पाळ्यांत बळाचा वापर कॅमेऱ्याच्या पाळ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. नागरिकांच्या तक्रारीही आदल्या वर्षीच्या तुलनेत झपाट्याने घटल्या. आमच्या सादरीकरणातलं पहिलं पान याच आकड्यांचं होतं. पण 2017 मध्ये वॉशिंग्टन डीसीतल्या दोन हजारांहून अधिक पोलिसांवरच्या प्रयोगाचा निकाल आला आणि त्यात कॅमेऱ्यामुळे बळाच्या वापरात किंवा तक्रारींत म्हणावा असा फरक दिसला नाही. ते पान आमच्याकडे शेवटून दुसरं होतं.

या दोन निकालांतली तफावत समजून घ्यायला सगळ्यात उपयोगी पडला असता तो केंब्रिजच्या संशोधकांचा 2016 चा अभ्यास. वेगवेगळ्या पोलीस दलांतले दहा प्रयोग त्यांनी एकत्र तपासले. सरासरी काढली तर परिणाम जवळपास शून्य होता. मग त्यांनी कर्मचाऱ्यांनी नियम कितपत पाळला, हे पाहिलं. जिथे संपर्काच्या सुरुवातीपासून कॅमेरा चालू होता, समोरच्याला तसं सांगितलं होतं आणि बटण कधी दाबायचं हे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नव्हतं, तिथे बळाचा वापर 37 टक्क्यांनी कमी झाला. जिथे ती मर्जी कर्मचाऱ्याकडे राहिली, तिथे तो 71 टक्क्यांनी वाढला. हा अहवाल मी वाचला होता. तरीही आमच्या नियमावलीच्या चौथ्या कलमात मी लिहिलं: "नागरिकाशी संपर्क आल्यास परिस्थितीनुसार शक्य तितक्या लवकर रेकॉर्डिंग सुरू करावे."

"परिस्थितीनुसार" हा शब्द आकाशातून पडला नव्हता. कर्मचाऱ्यांबरोबरच्या बैठकीत खरे आणि वाजवी प्रश्न आले होते. खबऱ्याशी बोलताना कॅमेरा चालू ठेवला तर तो पुन्हा भेटेल का? अत्याचार झालेल्या बाईचं पहिलं बोलणं तिच्या संमतीशिवाय टिपायचं का? दंगलीत उडी मारताना आधी बटण शोधायचं का? प्रसाधनगृहात, जेवताना, घरच्यांशी फोनवर बोलताना काय? या प्रत्येक प्रश्नाला वेगळं आणि नेमकं उत्तर द्यायला हवं होतं. मी सगळ्यांवर मिळून एकच मोघम शब्द टाकला. त्या दिवशी बैठक समाधानाने संपली.

यंत्राबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कॅमेरा छातीवर असतो आणि पाळीभर तयार अवस्थेत राहतो. या अवस्थेत तो सतत टिपतो आणि जुनं पुसत जातो. बटण दाबलं की आधीची 30 सेकंदं आपोआप जोडली जातात, पण आवाजाशिवाय. तक्रारीच्या चौकशीत या 30 सेकंदांना फार किंमत आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका पोलिसाने अमली पदार्थाची पुडी आधी ठेवली, मग रेकॉर्डिंग सुरू करून ती "शोधून काढली". त्याच्या लक्षात नव्हतं की बटणाआधीचं अर्धं मिनिटही जतन होतं. पुढे न्यायालयाने त्याला पुरावा बनवल्याबद्दल दोषी ठरवलं.

त्या रात्री

सक्ती लागू होऊन काही आठवडे झाले होते. मध्यरात्रीनंतर वाहन तपासणी सुरू होती. एक अनुभवी हवालदार आणि एक नवखा शिपाई, दोघांच्याही छातीवर कॅमेरे. एक मोटार थांबवली. आत चालक एकटाच होता. कागद मागण्यावरून बोलाचाली झाली, आवाज चढले, चालक गाडीबाहेर आला की त्याला बाहेर ओढलं, यावरच पुढे सगळा वाद आहे. शेवटी तो रस्त्यावर पालथा होता आणि त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं.

हवालदाराने बटण दाबलं तेव्हा चालक खाली पडलेला होता. गाडी थांबवल्याची नोंद नियंत्रण कक्षाला दिली ती वेळ आणि आवाजासह रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ यांत चार मिनिटांचं अंतर होतं. त्याआधीच्या 30 मूक सेकंदांत काय दिसतं? सुरुवातीला खिडकीतून आत जाणारा हवालदाराचा हात. मग छातीच्या दिशेने येणारा चालकाचा पंजा. त्यानंतर दहा-अकरा सेकंदं नुसता अंधार, कारण दोन शरीरं एकमेकांना भिडल्यावर छातीवरची काच झाकली जाते. मग एकदम रस्ता, आणि आवाज सुरू.

शिपायाचा कॅमेरा त्याने बरोबर वेळेत सुरू केला होता. पण तो मागच्या वाहनाला थांबवत होता, त्यामुळे चित्रात बॅरिकेड आणि दिवे आहेत. ध्वनीत लांबून दोन माणसांचा आरडाओरडा ऐकू येतो. शब्द लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चालकाची लेखी तक्रार आली: विनाकारण ओढलं, शिवीगाळ केली, खाली पाडल्यावर हात पिरगळला. हवालदाराचा अहवाल होता: चालकाने गणवेशाला हात घातला, धक्का दिला, किमान बळ वापरून ताब्यात घेतलं.

अडचण

पहिली अडचण उघड होती. पुरावा होता, पण वादाच्या नेमक्या जागी तो आंधळा होता. अर्धवट चित्रफितीचा त्रास असा की ती दोन्ही बाजूंना आपलीच वाटते. खिडकीत शिरणारा हात पाहून चालकाचे वकील म्हणाले, सुरुवात पोलिसाने केली. छातीवर येणारा पंजा पाहून हवालदाराचे सहकारी म्हणाले, बघा, धक्का. मी ती 30 सेकंदं इतक्या वेळा पाहिली की मलाही कधी हे तर कधी ते पटायचं.

दुसरी अडचण नंतर कळली आणि माझ्या मते ती जास्त गंभीर होती. आमच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून जागेवरच पाहता येत असे. नोंदींना गुन्ह्याचा क्रमांक जोडायला सोपं जावं म्हणून ती सोय ठेवली होती. हवालदाराने अहवाल लिहिण्याआधी चित्रफीत दोनदा पाहिली होती. कोणी, कधी, काय उघडलं याची नोंद प्रणाली ठेवते, त्यातून हे समजलं. त्यात नियमभंग काहीच नव्हता, कारण नियमावलीत याबद्दल एक अक्षर नव्हतं. पण त्याचा अहवाल पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की चित्रित भागाचं वर्णन सेकंदाबरहुकूम होतं आणि आधीच्या चार मिनिटांचं दोन ओळींत उरकलं होतं. त्याला त्या चार मिनिटांतलं खरोखर काय आठवत होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. माणूस स्वतःची चित्रफीत पाहतो तेव्हा पाहिलेलं आणि आठवलेलं एकमेकांत मिसळतं. मग प्रामाणिक माणसालाही ते वेगळं काढता येत नाही.

तिसरी अडचण मीच लिहिलेल्या चौथ्या कलमाची. हवालदाराला विचारलं, आधी बटण का नाही दाबलं? तो म्हणाला, "साहेब, कागद बघायला थांबवलं होतं. भांडण होईल असं वाटलं नव्हतं. परिस्थिती बदलली तसं सुरू केलं." कलमात लिहिलेलंच तो मला म्हणून दाखवत होता.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय टेबलावर होते.

सगळ्यात सोपा म्हणजे जुन्याच पद्धतीने पुराव्याअभावी निकाली काढणं. वरिष्ठांपैकी दोघे याच बाजूचे होते. त्यांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नव्हता: कॅमेरा नसता तर आपण हेच केलं असतं. पण कॅमेरा होता. लोकांना आपण सांगितलं होतं की आता दिसेल.

दुसरा पर्याय अगदी उलटा: रेकॉर्डिंग नाही म्हणजे काहीतरी लपवलं, असं गृहीत धरून तक्रार खरी मानायची. बाहेरच्या समितीतल्या एका सदस्याने हे जोरात मांडलं. जाणूनबुजून बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याबाबत मलाही ते मान्य आहे. इथे मात्र जाणूनबुजून बंद ठेवल्याचं काहीच दिसत नव्हतं. शिवाय नियमच सैल असताना त्याचा अर्थ कर्मचाऱ्याच्या विरुद्ध लावणं म्हणजे आमची चूक त्याच्या माथी मारणं.

तिसरा, दोन प्रश्न वेगळे करायचे. बळ अवाजवी वापरलं का, ही एक चौकशी. रेकॉर्डिंग वेळेत का सुरू झालं नाही, ही दुसरी. एकीचा निकाल दुसरीवर लादायचा नाही.

चौथा, चित्रफीत सगळ्यांसाठी प्रसिद्ध करायची. गावभर चर्चा सुरू झाली होती आणि "लपवत आहेत" हा सूर वाढत होता. पण चालक जमिनीवर विव्हळताना दिसतो, मागून जाणाऱ्या दोन वाहनांतले चेहरे दिसतात आणि चौकशी अजून पुरी झाली नव्हती. अंधाराची अकरा सेकंदं लोकांनी आपापल्या रागाने भरली असती.

आम्ही तिसरा पर्याय घेतला. चौथ्याच्या जागी एक मधला मार्ग काढला: तक्रारदाराला त्याच्या वकिलासह कार्यालयात बोलावून संपूर्ण फीत दाखवायची, इतरांचे चेहरे झाकून. हे ठरायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे लागायला नको होते. तक्रारदाराने पहिल्याच अर्जात फीत पाहू द्या असं लिहिलं होतं. आमच्याकडे "होय" किंवा "नाही" म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे, हेच ठरलेलं नव्हतं.

काय केलं

फीत दाखवली तो तास मला अजून लख्ख आठवतो. आधी चालकाला, मग वेगळ्या वेळी हवालदाराला, या खेपेला चौकशी अधिकाऱ्यासमोर. आवाज सुरू झाल्यानंतर हवालदाराच्या तोंडून एक शिवी स्पष्ट ऐकू येते. त्याने पूर्वी ती नाकारली होती. अ‍ॅपवर त्याने फीत आवाज बंद ठेवून पाहिली होती. ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "हे मी बोललो, हे मला खरंच आठवत नाही." त्याच फितीत चाळीसेक सेकंदांनंतर तो शिपायाला ओरडून सांगतो, "पाणी आण, आणि रुग्णवाहिका बोलव, हात दुखतोय याचा." चालकाला हे आठवत नव्हतं. त्याच्या तक्रारीत लिहिलं होतं की वेदनेकडे कोणी लक्ष दिलं नाही. दोघेही खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. प्रत्येकाच्या आठवणीतून नेमका तोच भाग गळाला होता, जो त्याच्या स्वतःच्या बाजूला जड जात होता.

वैद्यकीय अहवालाचीही मदत झाली, पण अर्धीच. मोडलेलं हाड पडताना हात टेकल्याने मोडू शकतं आणि पिरगळल्यानेही. डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

दुसरीकडे मी नियंत्रण कक्षाच्या नोंदी आणि कॅमेऱ्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहायला बसलो. हे काम सक्ती लागू झाली त्याच आठवड्यात करायला हवं होतं. प्रत्येक वाहन थांबवल्याची वेळ एका बाजूला, रेकॉर्डिंग सुरू झाल्याची दुसऱ्या बाजूला. उशीर हा त्या हवालदारापुरता नव्हताच. कुणी परवाना हातात आल्यावर सुरू करत होता, कुणी आवाज चढल्यावर, कुणी दंडाची पावती फाडताना. काही थांबवण्यांचं रेकॉर्डिंगच नव्हतं. म्हणजे आमचे कॅमेरे भांडणं टिपत होते. भांडण कशामुळे लागलं, ते टिपत नव्हते. आणि तेच टिपलं जाईल या जाणिवेने दोन्हीकडचा स्वर खाली येतो, हाच तर सक्तीमागचा सगळा विचार होता.

मग चौथं कलम नव्याने लिहिलं. मोघम वेळेऐवजी एक कृती बांधली: वाहनाला हात दाखवण्याआधी, किंवा कॉलवर गेल्यास गाडीतून पाय खाली ठेवण्याआधी, बटण दाबायचं. पहिल्या वाक्यात समोरच्याला सांगायचं की रेकॉर्डिंग चालू आहे. अपवाद नावानिशी लिहिले: लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती नको म्हणाली तर, रुग्णालयातली उपचारांची जागा, खबरी, आणि कर्मचाऱ्यांचा खाजगी वेळ. अपवादासाठी कॅमेरा बंद करताना कारण आधी कॅमेऱ्यासमोर बोलायचं. आधीची 30 सेकंदं वाढवून 2 मिनिटं केली. मोबाईलवर पाहण्याची सोय बंद केली. बळाचा वापर झालेल्या घटनेत आधी आठवणीने अहवाल, मग चित्रफीत, मग हवा तर पुरवणी अहवाल, आणि तिन्ही गोष्टी फाइलमध्ये राहतील असा क्रम लावला. तक्रारदाराला फीत दाखवण्याची मुदत आणि ती ठरवणारा अधिकारी लिहून ठेवला.

कर्मचाऱ्यांच्या एका मागणीला मी आधी किरकोळ समजलो होतो. त्यांना भीती होती की वरिष्ठ बसल्या जागी फिती चाळतील आणि टोपी नीट नव्हती, विश्रांतीत कोण काय बोललं, यावरून कसुरी अहवाल काढतील. एका ठाण्यात तसं घडलंही होतं. म्हणून नियम केला की तक्रार, गुन्हा किंवा ठरलेली तपासणी याशिवाय फीत उघडायची नाही आणि प्रत्येक उघडण्याची नोंद कर्मचाऱ्यालाही दिसेल. हे कलम आल्यानंतर बैठकींतला विरोध जितका ओसरला, तितका दुसऱ्या कशानेही ओसरला नव्हता.

निष्पत्ती

बळाच्या वापराचा आरोप ना सिद्ध झाला, ना फेटाळला गेला. अहवालात तसंच स्पष्ट लिहिलं. शिवीगाळ सिद्ध झाली आणि त्याबद्दल हवालदाराला लेखी ताकीद मिळाली. रेकॉर्डिंग उशिरा सुरू केल्याबद्दलही ताकीद मिळाली. चालकावरचा सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा पुढे टिकला नाही, कारण त्याचा आधारही त्याच अंधाऱ्या अकरा सेकंदांवर होता.

चालक समाधानी झाला नाही. फीत पाहून निघताना त्याने एवढंच विचारलं, "आधीचं का नाही?" तो दिवस मला जड गेला.

नव्या कलमानंतर वाहन तपासणीतला उशीर झपाट्याने कमी झाला, कारण हात दाखवणं ही ठरलेली कृती आहे आणि तिला बटण जोडता येतं. पायी गस्तीत अचानक उद्भवणाऱ्या झटापटीत मात्र उशीर राहिला. शस्त्र म्यानातून काढताच किंवा गाडीचा लाल-निळा दिवा लावताच आपोआप सुरू होणारे कॅमेरे मिळतात, पण आमचे तसे नव्हते. आणि एक नवी गोष्ट पुढे आली: पावसात रेनकोट कॅमेऱ्यावरून घातला जातो. रेकॉर्डिंग वेळेत सुरू, आवाज आहे आणि चित्र पूर्ण काळं. यात हेतू शोधायच्या आधी रेनकोटला बाहेरून कॅमेरा अडकवायची पट्टी शिवून घेतली.

साठवणुकीचा भारही वाढला. कमी दर्जाच्या चित्रणालाही तासाला साधारण एक ते दोन जीबी लागतात. 60 कॅमेरे रोज तीन तास चालले तरी महिन्याला आठेक टीबी साठतात. लवकर सुरू करायचं म्हणजे जास्त साठवायचं, हे हिशेबात आधी धरलं नव्हतं. त्यामुळे बिनतक्रारीच्या फिती किती दिवसांनी पुसायच्या, यावर पुन्हा वाद झाला.

पुन्हा करायचं झालं तर

हवालदाराला उशिराबद्दल दिलेली ताकीद मी आज देणार नाही. शिवीबद्दलची देईन. उशिराची जबाबदारी ज्याने "परिस्थितीनुसार" लिहिलं त्याची होती आणि ती तशी अहवालात लिहायला हवी होती. मी त्या वेळी हे समितीत बोललो, लेखी दिलं नाही.

जुलै 2017 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मदतीसाठी स्वतः फोन केलेल्या एका महिलेचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. दोन्ही पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते आणि गोळी सुटली तेव्हा एकही सुरू नव्हता. तिथल्या पोलीस विभागाने त्याच महिन्यात नियम बदलून प्रत्येक कॉलवर रेकॉर्डिंग बंधनकारक केलं. आमची नियमावली त्यानंतरची आहे. हा धडा दुसऱ्यांनी फार मोठ्या किमतीला घेतला होता आणि आम्हाला तो आयता उपलब्ध होता.

तक्रारदाराला फीत आठवड्याच्या आत दाखवायला हवी होती. तीन आठवड्यांत त्याचा राग घटनेवरून सरकून आमच्यावर आला. हवालदाराचा पहिला अहवाल चित्रफितीआधी घेतला असता, तर त्या चार मिनिटांबद्दल निदान एक न गढुळलेली बाजू हातात राहिली असती.

नोंदी जुळवण्याचं काम नंतर एका महिला लिपिकाकडे दिलं. दर आठवड्याला ती नियंत्रण कक्षाच्या यादीतून चिठ्ठीने काही नोंदी काढते आणि कॅमेऱ्याच्या वेळेशी ताडून पाहते. मध्यंतरी ती दोन महिने रजेवर गेली आणि तिच्या जागी कुणाला नेमलं नाही. नियम तोच होता, कॅमेरे तेच होते. तिने परत आल्यावर पहिली यादी काढली तेव्हा पावती फाडताना बटण दाबणारे पुन्हा दिसू लागले होते. आता तिच्या कामाला दोन माणसं आहेत.